वरातीमागून घोडं: फँटसी गेममधले उशिराचे उलगडे आणि आपला प्रबंध

समजा, चाळीस-पन्नास तास घालवून तुम्ही एक गेम शेवटाकडे आणलाय. राजा का मेला, कोण फितूर झालं, त्या जगातले देव कुठे गेले, सगळं तोंडपाठ झालंय. आणि शेवटच्या दोन तासांत कोणीतरी येऊन सांगतं, की तुम्हाला आतापर्यंत माहीत होतं ते खरं नव्हतंच. फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये हा प्रकार इतका नेहमीचा आहे, की मुरलेले गेमर त्याची वाटच बघत असतात. पण हाच धक्का एका गेममध्ये अंगावर काटा आणतो, आणि दुसऱ्या गेममध्ये 'हे काय वरातीमागून घोडं!' असं म्हणायला लावतो. फरक नेमका कशात असतो?

या ब्लॉगवर एरवी सिनॉप्सिस, डेटा आणि रिव्ह्यूअर यांच्याबद्दल लिहिते. मग आज गेम कशाला? कारण प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात आपणही हेच करतो. सगळे प्रयोग संपतात, आलेख काढून होतात, आणि मग आपण एक नवी यंत्रणा पुढे करून म्हणतो, की खरं तर हे सगळं हिच्यामुळे घडत होतं. व्हायवाला बसलेला परीक्षक त्या क्षणी त्या गेमरसारखाच एक तर खूश होतो, नाहीतर चिडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: उशीर हा दोष नाही. उशिरा आलेला उलगडा आधी दिसलेल्या, पण न जुळणाऱ्या गोष्टी जुळवत असेल, आणि आधीच्याच पुराव्याने तो खोटा ठरू शकला असता, तर तो कितीही उशिरा येवो, चालतो. ज्याचं उत्तर आधीच मिळालंय किंवा जे कोणी विचारलंच नव्हतं, त्याचं उत्तर तो देत असेल, तर ते ठिगळ. तीन उदाहरणांवर हे तपासून बघू. पुढे या गेमचे शेवट उघड केले आहेत, तेव्हा खेळायचे राहिले असतील तर इथेच थांबा.

पाणी कुठेतरी मुरतंय

1997 साली स्क्वेअर या जपानी कंपनीने प्लेस्टेशनवर 'फायनल फँटसी सेव्हन' आणला. त्याचा नायक क्लाउड. तो सांगतो, की मी शिनरा कंपनीच्या 'सोल्जर' नावाच्या खास दलात पहिल्या श्रेणीचा लढवय्या होतो. मिडगार शहर सोडल्यावर काल्म नावाच्या गावात तो सोबत्यांना पाच वर्षांपूर्वीची हकिकत ऐकवतो. सेफिरॉथ या नामांकित योद्ध्याबरोबर तो स्वतःच्याच गावी, निबेलहाइमला गेला होता. तिथे सेफिरॉथचं डोकं फिरलं आणि त्याने गाव जाळलं. ही हकिकत आपण नुसती ऐकत नाही, खेळतो. त्या आठवणीतला क्लाउड आपल्याच हातातल्या कंट्रोलरवर चालतो, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायचं मनातच येत नाही.

पण पाणी कुठेतरी मुरतंय. सेफिरॉथशी समोरासमोर गाठ पडल्यावर पुढे काय झालं, हे क्लाउडला आठवत नाही. त्याच गावची त्याची बालमैत्रीण टिफा शेजारी बसून सगळं ऐकते, अस्वस्थ दिसते, पण बोलत काहीच नाही. गावाकडे जाताना ट्रकमध्ये हेल्मेट घातलेल्या एका साध्या शिपायाला गाडी लागते, आणि क्लाउड त्याला ऐटीत सांगतो, की आपल्याला बाबा कधी गाडी लागत नाही. पुढे गोंगागा गावात एक जोडपं भेटतं. त्यांचा मुलगा झॅक 'सोल्जर'मध्ये होता, तो परत आलेला नाही. टिफा सोबत असेल तर ते नाव ऐकून ती गडबडते. यातली एकही गोष्ट एकटी फार मोठी नाही. चारही मिळून मात्र हिशेब जुळत नाही.

मग उत्तरेच्या विवरात सेफिरॉथ एक स्पष्टीकरण देतो. क्लाउडला भूतकाळच नाही, होजो या शास्त्रज्ञाने त्याला आगीनंतर घडवलं, आणि त्याच्या आठवणी म्हणजे टिफाच्या आठवणींवरून बेतलेलं सोंग आहे. इथे जरा थांबून बघा. हे स्पष्टीकरण सगळ्या विसंगतींना लागू पडतं! आठवणीतली पोकळी, टिफाची चुळबुळ, झॅकचं नाव, सगळं त्यात बसतं. घाईतल्या लेखकाने हाच मोठा उलगडा म्हणून गेम पुढे रेटला असता.

गेम तसं करत नाही. मिडील या गावात क्लाउड आणि टिफा जीवनप्रवाहात पडतात आणि टिफा त्याच्या मनात पोचते. तिथे जे घडतं त्याला आपण निर्णायक प्रयोग म्हणू. सेफिरॉथचं म्हणणं खरं असेल, तर क्लाउडकडे टिफाने न पुरवलेली आठवण असताच कामा नये. म्हणून ती त्याला उत्तरं सुचवत बसत नाही. आठवण त्याच्याकडून यायला हवी, आणि ती येते. टिफाची आई गेली तेव्हा लहानगी टिफा डोंगराकडे निघाली, मागोमाग तो गेला, दोघं पडली. टिफाला तो अपघात नीट आठवत नाही, त्याला आठवतो. सेफिरॉथचं गृहीतक तिथे कोसळतं. मग खरं काय ते कळतं. क्लाउड 'सोल्जर'मध्ये कधी पोचलाच नव्हता. ट्रकमध्ये गाडी लागलेला तो हेल्मेटवाला शिपाई म्हणजेच क्लाउड. गावातून मोठ्या बढाया मारून गेला आणि साधा शिपाई होऊन परतला, म्हणून टिफासमोर तोंड लपवून उभा होता. सेफिरॉथबरोबरचा लढवय्या झॅक होता.

कथानकाच्या तर्काच्या दृष्टीने यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की या उलगड्यासाठी एकही नवं पात्र आणावं लागलं नाही. शिपाई पहिल्यापासून पडद्यावर होता, झॅकचे आईवडील भेटून गेले होते. डेटा तोच, वाचन बदललं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एकाच डेटाला बसणारी दोन गृहीतकं समोर असताना, दोघांचं भाकीत जिथे वेगळं पडतं ती जागा शोधून तिथे कसोटी लावली. संशोधन पद्धतीच्या पेपरात हा मुद्दा दोन ओळींत येतो आणि आपण तो पाठ करून मोकळे होतो. इथे तो एका माणसाच्या लाजेतून उलगडतो, म्हणून लक्षात राहतो.

एकाच गेममध्ये दोन्ही प्रकार

तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवून एकच घटक बदलायचा, हे तुम्हाला माहीत आहे. साहित्यात अशी सोय सहसा मिळत नाही. 'फायनल फँटसी नाइन'मध्ये ती मिळते. 2000 सालचा हा गेम हिरोयुकी इतो यांनी दिग्दर्शित केला, कथा हिरोनोबू साकागुची यांची. त्यात दोन मोठे उलगडे उशिरा येतात. एक बसतो, दुसरा बसत नाही.

पहिला टेरा या दुसऱ्या जगाचा. त्याआधी बरेच प्रश्न लटकत ठेवले आहेत. एका अख्ख्या खंडावर धुकं पसरलंय. त्या धुक्यावर हवाई जहाजं चालतात, आणि त्याच धुक्यापासून 'काळे जादूगार' नावाचे बाहुल्यांसारखे सैनिक बनवले जातात. हे धुकं येतं कुठून? नायक झिदानला माकडासारखी शेपूट आहे. का? त्याला जन्मगाव माहीत नाही, लहानपणच्या एका निळ्या प्रकाशाची तेवढी आठवण आहे. टेराचं रहस्य कळल्यावर या सगळ्यांची उत्तरं एका झटक्यात मिळतात. टेरा हे मरू घातलेलं जग आहे. गार्लंड नावाचा त्याचा रखवालदार झिदानच्या जगातल्या आत्म्यांचा प्रवाह इफा वृक्षाच्या मदतीने अडवतोय, आणि धुकं हा त्या अडवणुकीचा परिणाम. टेराच्या आत्म्यांसाठी घडवलेली जी शरीरं आहेत, त्या सगळ्यांना शेपूट आहे. झिदान त्यांच्यातलाच, आणि खलनायक कुजाही. कुजाला आपलं आयुष्य मोजकंच आहे हे कळतं आणि तो बिथरून टेराच बेचिराख करतो. तेही पटतं, कारण साधारण वर्षभरात 'थांबणारे' काळे जादूगार आणि त्या जाणिवेने हबकलेला छोटा व्हिवी आपण आधीच पाहिलेला असतो.

आता दुसरा. कुजा पडतो, जाता जाता सगळ्यांना उडवून देतो, आणि अचानक नेक्रॉन नावाचं काहीतरी प्रकट होतं. सगळी सृष्टी शून्यात न्यायची असं त्याचं म्हणणं. लढाई होते, तो जातो, गेम संपतो. त्याचं नाव आधी कोणी घेतलेलं नाही, त्याच्या पावलाचा ठसा कुठे उमटलेला नाही.

इथे एक सोपी कसोटी लावा: काढून बघा. टेरा काढलं तर धुकं, शेपूट, निळा प्रकाश, कुजाचा संताप, सगळं निराधार होतं. नेक्रॉन काढला तर आधीच्या चार डिस्कमधला एकही प्रसंग बदलावा लागत नाही. प्रबंधातही हेच करून बघता येतं. चर्चेच्या प्रकरणात आणलेली यंत्रणा खोडली आणि निकालांचं प्रकरण जसंच्या तसं उभं राहिलं, तर त्या यंत्रणेने काहीच पेललं नव्हतं.

नेक्रॉनची बाजू घेणारे लोक आहेत आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, हा अख्खा गेम मृत्यूच्या भीतीबद्दल आहे आणि नेक्रॉन म्हणजे ती भीतीच मूर्त होऊन उभी राहिलेली. आशयाच्या अंगाने हे बरोबर आहे. पण आशयाशी नातं असणं वेगळं आणि कार्यकारणाच्या साखळीत जागा असणं वेगळं. दोन आलेख सारखे दिसतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही, तसंच हे. शिवाय यात तोटाही होतो. एक घडवलेला, घाबरलेला जीव खुनशी कसा होतो हे गेमने तासन् तास उभं केलं, आणि शेवटचा सामना मात्र एका चेहरा नसलेल्या अंधाराशी लावला. कुजाने केलेल्या कृत्यांचा जाब विचारायची वेळ आली तेव्हाच तो बाजूला सरकवला गेला.

नेपच्यून आणि व्हल्कन

विज्ञानाच्या इतिहासात या दोन प्रकारांची एक जोडी आहे. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रेंच गणिती ल व्हेरिए याने पलीकडे एक अज्ञात ग्रह असावा असं मांडून त्याची जागा काढली, आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला नेपच्यून त्या जागेपासून साधारण एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतही विसंगती होती, शतकाला 43 आर्कसेकंदांची. 1859 मध्ये त्याच ल व्हेरिएने तोच मार्ग धरला आणि सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान असावं असं सुचवलं. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नावसुद्धा मिळालं. लोकांनी तो दशकानुदशकं शोधला. तो नव्हताच. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाइनने सामान्य सापेक्षतेतून तो 43चा आकडा काढून दाखवला. नवा ग्रह न आणता, गुरुत्वाकर्षणाकडे बघायची रीत बदलून.

माणूस एक, युक्तिवाद एक, निकाल उलटे. म्हणजे कागदावर बघून 'हा उलगडा की ठिगळ' हे सांगता येत नाही. सांगता येतं ते कसोटीने. सेफिरॉथचं स्पष्टीकरण व्हल्कनसारखं होतं: विसंगतीला चपखल बसणारं, पण कसोटीला न उतरणारं. नेक्रॉनची गत त्याहून वाईट. व्हल्कन निदान खोटा ठरू शकला. नेक्रॉनला खोटं पाडणारं काही गेममध्ये असूच शकत नाही, कारण त्याने आधीच्या कशाबद्दलच काही दावा केलेला नाही.

लोघेनचा न्याय कोणी केला?

तिसरं उदाहरण बायोवेअर कंपनीच्या 'ड्रॅगन एज' मालिकेचं. या मालिकेत जगाचा पूर्वेतिहास, देवदेवता, दंतकथा, म्हणजे गेमर ज्याला 'लोर' म्हणतात ते, 'कोडेक्स' नावाच्या नोंदींतून मिळतं. गंमत अशी, की या नोंदी त्रयस्थ ज्ञानकोशाच्या नाहीत. त्या जगातल्याच लोकांनी त्या लिहिल्यात. बऱ्याच नोंदी ब्रदर जेनिटिव्ही या धर्मपीठातल्या विद्वानाच्या. म्हणजे आपण वाचतो ते सत्य नसून पूर्वसूरींचं लेखन असतं, त्यांच्या पूर्वग्रहांसकट. साहित्याचा आढावा लिहिताना ज्या सावधपणे वाचायचं, तसंच हेही वाचायला हवं.

या सोयीचा सगळ्यात चांगला उपयोग सोलासच्या उलगड्यात झालाय. 2009च्या पहिल्या गेममध्येच एल्फ लोकांची दंतकथा येते: फेन'हॅरेल नावाच्या लबाड लांडगादेवाने बाकीच्या देवांना फसवून कोंडलं. 2014च्या 'इन्क्विझिशन'मध्ये सोलास हा शांत, अभ्यासू एल्फ सोबतीला असतो. कोणाला ठाऊक नसलेल्या जुन्या गोष्टी त्याला ठाऊक असतात, ओसाड किल्ल्याची वाट तोच दाखवतो. शेवटी कळतं, की फेन'हॅरेल तोच. 2015च्या 'ट्रेसपासर' या पुरवणीत पुढचं कळतं: ते 'देव' म्हणजे लोकांना गुलाम करणारे जादूगार होते आणि त्याने त्यांना कोंडलं ते बंड म्हणून. कथेतली घटना तीच राहते, बदलते ती कथा सांगणाऱ्यांची बाजू. हरलेल्यांच्या वंशजांनी शतकानुशतकं जपलेली दंतकथा अशी विपर्यस्त होणं अगदी स्वाभाविक वाटतं.

पण याच सोयीत धोकाही आहे. 'नोंद लिहिणारा चुकला होता' हे उत्तर कधीही, कशालाही देता येतं. कुठल्याही निरीक्षणाने न डगमगणाऱ्या सिद्धांताबद्दल कार्ल पॉपर यांची तक्रार हीच होती.

2024च्या 'द व्हेलगार्ड'मध्ये हा धोका खरा झाला. काही ठरावीक खुणा शोधल्या तर श्रेयनामावलीनंतर एक गुप्त दृश्य दिसतं. त्यात 'एक्झिक्युटर्स' नावाची गूढ मंडळी सुचवतात, की आधीच्या गेममधल्या मोठ्या घटनांमागे आमचा हात होता. त्या घटनांत लोघेनही येतो.

लोघेन कोण ते सांगते, म्हणजे यात काय पणाला लागलंय ते कळेल. 2009च्या गेममध्ये ऑस्टागारच्या लढाईत हा सेनापती ऐन वेळी फौज मागे घेतो आणि तरुण राजा केलन मारला जातो. गेम तुम्हाला हळूहळू त्याची बाजू दाखवतो. ऑर्लेच्या साम्राज्याविरुद्ध तो आयुष्यभर लढलाय, आणि आता राजा त्याच ऑर्लेची फौज मदतीला बोलावतोय. मनात भिनलेला जुना द्वेष आणि देशप्रेम यांच्या भेसळीतून एक शहाणा माणूस भयंकर निर्णय घेतो. मग सरदारांच्या सभेत त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवता. मारायचं, की जीवदान देऊन आपल्या दलात घ्यायचं? जीवदान दिलंत तर पहिल्यापासून साथ देणारा ॲलिस्टर सोडून जातो. हा निर्णय घेताना लोकांनी खरोखर तासभर कंट्रोलर बाजूला ठेवला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

लोघेनने फौज मागे का घेतली, हा प्रश्न 2009 मध्येच सुटला होता. विसंगती शिल्लक नव्हती. पंधरा वर्षांनी कोणीतरी मागून कुजबुजत होतं असं सुचवल्याने एकही न जुळणारी गोष्ट जुळत नाही. उलट जुळलेली गोष्ट विस्कटते, आणि तुम्ही केलेला न्याय नेमका कोणाचा केला, हा प्रश्न विनाकारण उभा राहतो. एक्झिक्युटर्सचं नाव आधीच्या गेममध्ये एका कोपऱ्यात येऊन गेलं होतं, हे खरं. पण नाव आधी घेतलं म्हणजे तयारी झाली असं नाही. पहिल्या प्रकरणात एखाद्या पेपरचा उल्लेख करून ठेवला म्हणून शेवटच्या प्रकरणात त्यावर अख्खा निष्कर्ष उभा करता येत नाही.

एक रास्त आक्षेप

तुम्ही म्हणाल, हे मोठे गेम शेकडो लोक मिळून वर्षानुवर्षं बनवतात, लेखक बदलतात, पुढच्या भागासाठी काहीतरी शिल्लक ठेवावं लागतं. सगळं आधी ठरलेलं कसं असणार? मान्य. आणि ते आधी ठरलेलं असायलाच हवं, असं मी म्हणतही नाही. लेखकाला कधी सुचलं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आपलेही चांगले अर्थ बहुतेकदा डेटा हातात आल्यावरच सुचतात. गोष्ट बिघडते ती मागाहून सुचलेलं 'हे तर आम्ही आधीच म्हटलं होतं' असं मांडल्यावर. निकाल बघून गृहीतक लिहायचं आणि ते पहिल्यापासूनचं असल्याचं भासवायचं, या सवयीला नॉर्बर्ट कर यांनी 1998 मध्ये 'हार्किंग' असं नाव दिलं. एक्झिक्युटर्सचं ते दृश्य मला त्याचाच कथात्म भाऊ वाटतं: जुन्या नोंदवहीत नव्या शाईने ओढलेली रेघ.

तेव्हा उद्या चर्चेचं प्रकरण लिहायला बसाल, तेव्हा तुमच्या नव्या स्पष्टीकरणाला तीन प्रश्न विचारा. आधीच्या प्रकरणांत नोंदवलेली कुठली न जुळणारी गोष्ट हे जुळवतं? ते पानावर बोट ठेवून दाखवता यायला हवं. माझ्याच डेटात असं काय आहे, जे वेगळं निघालं असतं तर हे स्पष्टीकरण पडलं असतं? आणि जे आधीच नीट समजलं होतं, त्यालाच मी पुन्हा हात घालतेय का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल किंवा तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर ते वाक्य 'पुढील संशोधनाच्या दिशा' या भागात हलवा. तिथे ते शोभेल, आणि परीक्षकही त्यावर हरकत घेणार नाही.